तिला मुंबईला जाऊ दे, तारखा मात्र आत्ताच ठरव

‘ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा, राहणार धरमपेठ. पियानो वाजवतो. माझी जोडीदार (म्हणजे वादनातली) व्हायोलिन वाजवते. शाळेपासून आम्ही सदरला एकाच बाईंकडे शिकलो, दोघांनी पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांची आठवी ग्रेड केली, मग डिप्लोमा. आता मोझार्ट, बीथोवन, ब्राम्सच्या सोनाटा (व्हायोलिन-पियानोसाठी लिहिलेल्या, काही भागांच्या रचना) बसवतो. नागपुरात थोडे कार्यक्रम केले. साठेक लोक येतात, त्यातले अर्धे नातेवाईक. निवेदक म्हणतो, “व्हायोलिनवर अमुक, आणि साथीला पियानोवर तमुक.” खर्च निघतो तो शिकवण्या आणि लग्नाच्या रिसेप्शनमधून. आता तिला मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रानं पगारावर बोलावलंय. “तू सांग, जाऊ की नको,” असं तिनं मला विचारलं. मी “जा” म्हणालो आणि घरी येऊन पियानोचं झाकण लावून टाकलं, ते अजून उघडलेलं नाही. बाबा म्हणतात, “आता तरी बँकेच्या परीक्षेला बस. याच्यानं पोट भरते का?” व्हायोलिन-पियानोच्या जोडीनं करिअर होतं का हो? मीही मुंबईला जाऊ? परदेशात शिकायला जाऊ? की बाबांचं ऐकू?
– साथीला पियानो, नागपूर’

प्रिय ‘साथीला पियानो’,

तिनं तुला विचारलं ते तिच्या चांगुलपणानं. निर्णय तुझ्या हातात नव्हताच, आणि तू ‘जा’ म्हणालास हे बरं केलंस. आता एकदा भेटून ते नीट म्हण. तोंडानं ‘जा’ आणि चेहऱ्यानं ‘थांब’ असा निरोप घेऊन कुणी नव्या नोकरीवर रुजू होऊ नये.

पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवून दरमहा पगार मिळणं आपल्या देशात किती अवघड आहे, हे तू जाणतोस. मुंबईत एनसीपीए या कला-केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला; पूर्णवेळ व्यावसायिक म्हणावा असा दुसरा ऑर्केस्ट्रा आपल्याकडे सहज सुचत नाही. अशा ठिकाणी बसायला मिळालं तर कान तयार होतो, वाचन तयार होतं, शंभर लोकांच्या श्वासाबरोबर बो (व्हायोलिनचा गज) उचलायची सवय लागते. ते सगळं उद्या तुमच्या सोनाटातच येणार आहे. मेहली मेहतांचं उदाहरण घे. झुबिन मेहतांचे वडील, १९०८ साली जन्मलेले, मुंबईचे व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच. पुढे इंग्लंडला जाऊन मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि तिथून अमेरिकेत कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये सेकंड व्हायोलिनवर बसले. ऑर्केस्ट्रा आणि चेंबर म्युझिक (मोजक्या वाद्यांचं, छोट्या जागेतलं संगीत) ही त्यांच्या आयुष्यात एकमेकांची सवत नव्हती.

आता जे तुला आवडणार नाही ते. इतकी वर्षं एकत्र वाजवल्यामुळे तुला वाटत आलंय की तुम्हा दोघांचं करिअर एकच आहे. ते दोन आहेत, आणि पहिल्यापासून दोनच होते. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली-दुसरी मिळून ३०च्या आसपास व्हायोलिनं असतात. पियानो बहुतेक कार्यक्रमांत नसतोच, असला तर एक. म्हणजे व्हायोलिनवाल्यासाठी जगात कुठेतरी खुर्ची मांडलेली असते, पियानोवाल्याला आपली खुर्ची आपणच न्यावी लागते. यात तिचा दोष नाही, तुझाही नाही. संगीतकारांनी स्वरलेखनच तसं करून ठेवलंय. तुला झालेलं दुःख बरंचसं या हिशेबाचं आहे. उरलेलं कशाचं आहे ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. एवढंच म्हणते की ‘आपण एकत्र वाजवायचं का’ आणि ‘आपण एकत्र राहायचं का’ हे प्रश्न एकाच संध्याकाळी काढू नकोस.

करिअर होतं का, हा तुझा मुख्य प्रश्न. नुसत्या जोडीवर, दुसरं काही न करता? फार क्वचित. ज्यांची नावं आपण रेकॉर्डच्या कव्हरवर वाचतो त्यांचंही पोट जोडीवर चालत नव्हतं. व्हायोलिनवर ॲन-सोफी मुटर आणि पियानोवर लॅम्बर्ट ऑर्किस १९८८पासून एकत्र वाजवतात, बीथोवनच्या दहाही सोनाटा त्यांनी १९९८ साली केल्या. मुटर तर जगभर कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर एकल वादन, करणारी बाई. पण ऑर्किस? वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनीत कीबोर्डवादक म्हणून नोकरी आणि फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात अध्यापन, हे त्यांनी जोडीच्या बरोबरीनं केलं. ब्यूझार्ट्स ट्रिओ या व्हायोलिन-चेलो-पियानोच्या त्रिकुटाचे मेनाहेम प्रेस्लर १९५५ साली पियानोवर बसले ते २००८ साली ट्रिओ थांबेपर्यंत. या काळात त्यांच्या शेजारी पाच व्हायोलिनवादक आले, पियानोवाला तोच राहिला. आणि ही सगळी वर्षं ते इंडियाना विद्यापीठात शिकवत होते. तुझ्या आजच्या मनःस्थितीत ही पाच व्हायोलिनांची गोष्ट दोनदा वाच.

अंतराचीही भीती बाळगू नकोस. येहुदी मेन्युहिन आणि त्यांची बहीण हेफ्झिबा ही व्हायोलिन-पियानोची जोडी लहानपणापासूनची. १९३८ साली हेफ्झिबा लग्न करून ऑस्ट्रेलियात, मेंढ्यांच्या कुरणावर राहायला गेली. जोडी संपली असंच कुणालाही वाटलं असतं, पण भाऊ दौऱ्यावर आला की ती वाजवायची, पुढे युरोपात परतल्यावर दोघं पुन्हा नियमित वाजवू लागले, आणि १९८१च्या सुरुवातीला ती गेली तोवर हे नातं टिकलं. तुझं अंतर विदर्भ एक्सप्रेसचं आहे. संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई.

तुझी सही वाचून मला निवेदकाचा राग आला. बैठकीत तबलजी साथीला बसतो, त्याचं शास्त्र वेगळं, त्याचा मान वेगळा. बीथोवनच्या सोनाटात पियानो साथीला नसतो. उलट त्या काळच्या छापील प्रतींवर पियानो आधी आणि व्हायोलिन नंतर, असाच क्रम असे. सेझार फ्रँक या संगीतकाराची ए मेजर सोनाटा तुम्ही बसवली नसेल तर ऐकली नक्की असेल. १८८६ साली व्हायोलिनवादक युजेन इझाईंच्या लग्नात भेट म्हणून दिलेली. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रुसेल्सच्या चित्रसंग्रहालयात ती जाहीरपणे वाजली. दिवस कलला, चित्रांमुळे दिवे लावायला परवानगी नव्हती, आणि दोघांनी पुढचे भाग अंधारात, तोंडपाठ वाजवले. ही गोष्ट सांगताना इझाईंचं नाव सगळे घेतात. पियानोवर लिओन्तिन बोर्द-पेन होत्या. त्या सोनाटाचा पियानो किती बिकट आहे, दहा-दहा पट्ट्यांचे पल्ले कसे येतात, ते बघ आणि मग अंधाराचा विचार कर. तेव्हा पुढच्या कार्यक्रमाआधी निवेदकाच्या हातात एक ओळ लिहून दे: ‘सादर करत आहेत, अमुक, व्हायोलिन, आणि तमुक, पियानो.’ पोस्टरवर दोन्ही नावं एकाच आकारात. मानधन निम्मंनिम्मं. हे मागायला लाजू नकोस. ती तुझी मैत्रीण असेल तर तुझ्याआधी तीच मागेल.

आता तुझी खुर्ची. इतकी वर्षं तू एकाच व्हायोलिनबरोबर वाजवलंस. हा तुमच्या जोडीचा गुण आहे आणि तुझ्या करिअरचा दोष आहे. ती गेली की पहिलं काम म्हणजे सापडेल त्याच्याबरोबर वाजव. ग्रेडच्या परीक्षांचा मोसम येतो तेव्हा व्हायोलिन, बासरी, गायनाच्या मुलांना वरच्या ग्रेडसाठी पियानोवर माणूस लागतो, आणि तो आयत्या वेळी मिळत नाही म्हणून पालक हैराण असतात. तो माणूस तू हो. तालमीसकट दर ठरव, आगाऊ घे. नाताळात चर्चच्या क्वायरला वाजव. गायकांबरोबर वाजव, कारण गायक कुठे श्वास घेईल हे ज्याला कळलं त्याला बो कुठे वळेल तेही कळतं. नजरेसमोर आलेलं पान न थांबता वाजवता येणं, डावा हात न सोडता चार सूर गाळता येणं, गायक घाबरून अर्धं पान पुढे गेला तर त्याला पकडता येणं: परदेशात या कामाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे या कामाला मान नाही, पण काम आहे. एकट्यानं वाजवणारे पियानोवाले पुष्कळ असतात. दुसऱ्याचं ऐकत वाजवणारा लोक शोधत येतात.

परदेशाचं म्हणशील तर घाईनं कर्ज काढू नकोस. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे तू ऐकलं असशील. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, मानहाइम, फ्रायबुर्ग वगैरे ठिकाणी, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक खात्यात (जिथून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. हा आकडा मधूनमधून वाढतो, तेव्हा अर्ज करताना दूतावासाच्या साइटवर पुन्हा बघ. खरी चाळणी मात्र पैशाची नसते, प्रवेश परीक्षेची असते. समोर प्राध्यापक बसतात आणि तुझ्यासारखे बरेच जण वाजवून जातात. तुझ्यासाठी त्यातली चांगली बातमी अशी की एकल पियानोच्या रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही. चेंबर म्युझिकचा आणि गाण्याच्या-वाद्याच्या साथीचा असे वेगळे मास्टर्स असतात, आणि चेंबर म्युझिकला कित्येक ठिकाणी अख्खी जोडी एकत्र अर्ज करते. म्हणजे तिची मुंबईची दोन वर्षं आणि तुझी साथसंगतीची दोन वर्षं झाल्यावर दोघांनी मिळून अर्ज केलात तर तो आजच्यापेक्षा किती तरी दमदार असेल. तोवर जर्मन शीक. नागपुरात बसून होण्यासारखं ते काम आहे.

मुंबईला आत्ता राहायला जाऊ नकोस, असं माझं मत. तिच्या मागे गेलेला माणूस अशी तुझी ओळख होईल, आणि तिला तुझी काळजी करत तालमीला बसावं लागेल. भाड्याच्या खोलीत पियानो मावत नाही. डिजिटलवर हेडफोन लावून ब्राम्स वाजवणं शक्य आहे, पण आवाज कुठवर जातो हे त्यात कळत नाही, आणि जोडीत वाजवताना तेच कळायला हवं. इथे तुझ्याकडे पियानो आहे, शिकवण्या आहेत, आईच्या हातचं जेवण आहे. ही भांडवलाची यादी आहे, हसू नकोस.

बँकेच्या परीक्षेबद्दल तुझ्या बाबांशी मी भांडणार नाही. नोकरी करून उत्तम वाजवणारी माणसं असतात. पण बदलीची नोकरी आणि पियानो यांचं जमणं कठीण, हे त्यांना शांतपणे सांग. आणि ‘पोट भरते का’ याला भाषणानं उत्तर देऊ नकोस, वहीनं दे. समज, २० विद्यार्थी महिना २,००० रुपयांनी, म्हणजे ४०,०००. त्यावर परीक्षांची साथ, नाताळ, लग्नाचा हंगाम. शिकवण्या उन्हाळ्यात आणि दिवाळीत गळतात, तेही लिही. लग्नात वाजवताना मन मारू नकोस. फिल्मी गाणी नीट बसव आणि पूर्ण पैसे घे. फक्त सोनाटाच्या कार्यक्रमात त्यांची शेपटी लावू नकोस. लोकांना खूश करायला शेवटी एक गाणं वाजवलं की लोक तेच एक गाणं आठवत घरी जातात. सहा महिन्यांची वही बाबांसमोर ठेव. बाप लोक आकड्यांशी फार भांडत नाहीत.

आणि आता जोडी टिकवायची कशी. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न कराल आणि चिडाल, म्हणून आधीच सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या दोघांतच जवळपास ३० मिलिसेकंदांचा उशीर असतो, आणि तेवढ्यातच लय मागे ओढली जायला लागते. कॉलवर उशीर याच्या कित्येक पट. तेव्हा फोनवर वाजवू नका, बोला. तुझ्या स्कोअरमध्ये (छापील स्वरलिपीत) व्हायोलिनची ओळ वर छापलेली असते, तू दोन्ही वाचतोस; तिच्या पानावर तिचा एकटीचाच भाग असतो. म्हणून जोडी बिघडते ती बहुधा व्हायोलिनच्या बाजूनं, तिला खाली काय चाललंय ते दिसत नाही. तुझ्या स्कोअरची प्रत तिच्या बॅगेत जाऊ दे. तू तुझा भाग रेकॉर्ड करून पाठव, पण मेट्रोनोमसारखा नको, जिथे ती श्वास घेते तिथे जागा सोडून. तिनंही तसंच पाठवावं. प्रत्यक्ष भेटाल तेव्हा सलग चार दिवस भेटा; एका रविवारच्या भेटीत गप्पाच होतात. पहिल्या दिवशी फक्त सूर लावा. पियानोचा प्रत्येक पंचम किंचित कमी लावलेला असतो, तिच्या तारांचे पंचम ती शुद्ध लावते, आणि खालच्या जी-तारेवर तुमचं जे बिनसतं ते त्यामुळे. ती चुकत नसते, तूही नसतोस. एकदा मोकळेपणानं बसून कुठे कोणी सरकायचं ते ठरवलं की अर्धी भांडणं मिटतात.

भेटीचा मोसमही ठरवून घ्या. मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा इतकी कोरडी होते की व्हायोलिनच्या खुंट्या घसरतात, सरसाचे जोड सुटतात. मग कुणीतरी कूलर लावतं, खोली एकदम दमट, संध्याकाळपर्यंत पियानो वेगळाच बोलतो. वाद्याच्या खोलीत कूलरचा झोत नको, उघडी खिडकीही नको; दमटपणा मोजायचं छोटं यंत्र घेऊन काटा ४५–५०च्या आसपास राहील असं बघ. ट्यूनर बाहेरगावाहून येत असेल तर दिवाळीनंतर बोलाव, पावसाळ्यात लावलेला पियानो हिवाळ्यापर्यंत टिकत नाही. म्हणजे तुमचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तिच्या ऑर्केस्ट्राचं वेळापत्रक हातात आल्याबरोबर त्यातल्या मोकळ्या जागा शोधायच्या.

साठ लोकांचं वाईट वाटून घेऊ नकोस. चेंबर म्हणजे खोलीच, हे संगीत सहाशे खुर्च्यांसाठी लिहिलेलंच नव्हतं. लंडनचं विगमोर हॉल, जिथे वाजवायला जगातले लोक धडपडतात, तेही साडेपाचशे खुर्च्यांचं आहे. चूक फक्त एवढी की साठ माणसांसाठी तुम्ही मोठं सभागृह भाड्यानं घेता. रामदासपेठेत, सिव्हिल लाइन्सला, बैरामजी टाउनमध्ये जुन्या बंगल्यांतून मोठे दिवाणखाने आहेत, एखाद्या घरी कुणी न वाजवलेला पियानोही निघेल. चाळीस खुर्च्या, एक तास, मध्यंतर नाही. मोझार्टची ई मायनर सोनाटा आधी घ्या, के. ३०४ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). त्याच्या व्हायोलिन सोनाटांतली या स्वरातली ती एकटीच. १७७८ची, ज्या वर्षी पॅरिसमध्ये त्याची आई गेली त्या वर्षीची. दोनच भाग, बारा-तेरा मिनिटं, कुणी कंटाळत नाही. मग बीथोवनची ‘स्प्रिंग’. मधल्या भागानंतर कुणी टाळ्या वाजवल्या तर वाजवू दे, ‘वा’ म्हणालं तर म्हणू दे. नागपूरकराला बैठकीत गप्प बसवणं तुला जमणार नाही आणि गरजही नाही. पियानोचं झाकण दिवाणखान्यात लहान काठीवर ठेव, पण पूर्ण मिटू नकोस.

त्या झाकणाचं निघालंच आहे म्हणून, ते आज उघड. आणि ती जायच्या आत दोघं कॅलेंडर घेऊन बसा: डिसेंबरातले चार दिवस, फेब्रुवारीतले चार दिवस, कोणती सोनाटा, कुणाच्या घरी. जोडीच्या नावानं वेगळं खातं काढा, कार्यक्रमाचे पैसे त्यात, आणि तिचं येण्या-जाण्याचं तिकीट त्यातूनच. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरच्या तारखा तिला ऑक्टोबर लागायच्या आत माहीत असायला हव्यात.

– ताई